माल आला म्हणजे नेमके काय झाले?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी इंटिग्रेशनचा आराखडा करायला गेले, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी एक प्रश्न विचारला होता आणि तो विचारताना मलाच थोडे ओशाळल्यासारखे झाले होते, इतका तो बाळबोध वाटत होता. कारखान्यात कच्चा माल आला, हे तुमच्याकडे कधी ठरते? टेबलाभोवती पाच माणसे होती आणि पाच उत्तरे आली. सुरक्षा विभागाच्या मते गेटवरच्या वहीत गाडीचा नंबर चढला की माल आला. वजनकाट्यावरचा तरुण म्हणाला, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातला फरक छापून निघाला की आला. स्टोअर्सचे काका म्हणाले, “मॅडम, जीआरएन झाल्याशिवाय माल आला असं मी म्हणणार नाही, मग तो माझ्या पायावर का पडलेला असेना.” जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची स्टोअर्सची रीतसर नोंद. क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, बाईंचे म्हणणे होते की तपासणी होऊन हिरवे लेबल लागेपर्यंत तो माल आपला नाहीच, पुरवठादाराचा आहे आणि आपल्या आवारात नुसता उभा आहे. लेखा विभागातले गृहस्थ तोवर चहाच्या कपाकडे बघत बसले होते. पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तिघांचा मेळ बसेपर्यंत आपल्या पुस्तकात काहीच घडलेले नसते, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

यातले कोणीही चुकत नव्हते. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या जबाबदारीला धरून होते, आणि प्रत्येकाकडे ते उत्तर नोंदवण्यासाठी स्वतंत्र संगणक प्रणाली होती. मला नेमले होते ते या प्रणाली एकमेकींना जोडण्यासाठी. वेगवेगळ्या प्रणालींमधून जाणारी कामाची एक साखळी आखायची आणि ती चालवायची, हेच काम मी आता बरीच वर्षे करते आहे. त्यातला तांत्रिक भाग शिकता येतो. ‘माल आला’ या दोन शब्दांचा कारखान्यापुरता एकच अर्थ ठरवून घेणे, किंवा पाच अर्थ असतील तर त्यांना पाच वेगळी नावे देणे, हा भाग मात्र प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून करावा लागतो, आणि आराखड्याचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

त्या कारखान्यात नऊ प्रणाली होत्या. मुख्य ईआरपी (खरेदी, साठा आणि हिशोब एकत्र नोंदवणारी प्रणाली), गेटची नोंद, वजनकाटा, गुणवत्ता तपासणी, उत्पादनाचे वेळापत्रक, हजेरी, ग्राहकाचे पोर्टल, सरकारी पोर्टलवर बिल नोंदवणारी ई-इन्व्हॉइसची जोडणी, आणि एका छोट्या शेडमध्ये जुन्या सवयीने चाललेले टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर. नऊपैकी प्रत्येकीला उरलेल्या आठांशी थेट जोडायचे म्हटले तर ३६ जोड्या होतात. खाकी कागदावर मी त्या रेघा ओढून दाखवल्या तेव्हा प्लँटचे साहेब म्हणाले की हे तर रांगोळीचे ठिपके झाले. मध्ये एक दुभाषी थर ठेवला तर ३६ ऐवजी नऊच जोडण्या पुरतात, हे गणित कोणालाही पटते आणि म्हणूनच तो थर बहुतेक कंपन्या विकत घेतात. त्याचा धोका मात्र लवकर दिसत नाही. दुभाष्याने भाषांतर करावे, निर्णय घेऊ नयेत. “या पुरवठादाराचा माल आला तर तपासणी वगळा” असले नियम एकदा त्या मधल्या थरात शिरले की ते ना स्टोअर्सला माहीत असतात, ना क्यूसीला, आणि ज्या मुलाने ते लिहिले तो तोवर हिंजवडीतल्या दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. पोस्टमनने पत्रे पोहोचवावीत. परस्पर उत्तरे लिहायला बसू नये.

मुळात एकच मोठी प्रणाली आणून सगळे विभाग एका छताखाली घ्यावेत, ही कल्पना जुनी आहे. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत १९७२ साली सॅप ही कंपनी सुरू केली ती याच आशेवर, आणि १९९२ मध्ये आलेल्या तिच्या आर/३ या प्रणालीनंतर ती आशा जगभरच्या कारखान्यांत पोहोचली. तरीही नऊ प्रणाली का उरतात? कारण प्रत्येक विभागाची निकड वेगळ्या वर्षी येते आणि वेगळ्या बजेटमधून भागवली जाते. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली असे निरीक्षण मांडले होते की एखादी संस्था जी प्रणाली रचते तिच्यात त्या संस्थेच्या आपापसातल्या संवादाचीच रचना उतरते. मला त्याचा पुरावा कॅन्टीनमध्ये मिळाला. स्टोअर्स आणि क्यूसी यांची जेवणाची वेळ वेगळी होती, ते एकमेकांशी चिठ्ठ्यांवर बोलत, आणि माझ्या नकाशावर सगळ्यात मोठे भगदाडही नेमके त्यांच्या दोन प्रणालींच्या मध्ये होते.

पहिले तीन आठवडे मी संगणकाला हात लावला नाही. ४० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी बारांचा एक गठ्ठा निवडला आणि त्याच्या मागे फिरले. गेटवर ट्रेलर उभा राहिल्यापासून पुरवठादाराचे पैसे चुकते होईपर्यंत त्या गठ्ठ्याला कोणी हात लावला, कोणी कागद केला, कोणी नुसतीच मान हलवली, हे सगळे वहीत टिपले. असा माग काढण्याचा कंटाळा करणारा आराखडा मी आजही मान्य करत नाही. कार्यपद्धतीच्या फायलीत जे लिहिलेले असते ते कोणीतरी तपासणीच्या आदल्या आठवड्यात लिहिलेले असते.

त्या गठ्ठ्याने मला पहिला धडा एककांचा दिला. बार विकत घेतले जातात टनावर, स्टोअर्समध्ये मोजले जातात नगावर, कटिंग मशीनला लागतात मीटरवर, आणि त्यातून निघणारे शाफ्ट पुन्हा नगावर. काकांच्या डोक्यात यासाठी एक सूत्र पक्के होते, जे पुण्याच्या कोणत्याही पोलादाच्या दुकानातल्या पोऱ्यालाही येते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १६२ ने भागा, एका मीटरचे किलो मिळतात. चाळीसचा वर्ग १,६००, भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ९.८८ किलो, सहा मीटरचा बार सव्वाएकोणसाठ किलोंच्या आसपास. काका हे गठ्ठ्याकडे बघत, बोटे न मोजता सांगत. ईआरपीत हेच रूपांतर १६२ च्या सूत्राने होते. उत्पादन वेळापत्रकाच्या प्रणालीत मात्र कोण्या शिस्तीच्या अभियंत्याने ते पोलादाच्या घनतेवरून, ७.८५ धरून, मांडले होते. दोन्ही बरोबर. पण दोन्हींच्या उत्तरात एका टनामागे सव्वा किलोच्या जवळपास फरक पडतो.

सव्वा किलो म्हणजे काहीच नाही. गिरणीतून येणाऱ्या बाराच्या जाडीत त्याहून जास्त कमीअधिक असते, त्यामुळे तो फरक कोणालाही जाणवत नव्हता. मात्र गिरणीतला कमीअधिकपणा कधी इकडे, कधी तिकडे झुकतो. सूत्रातला फरक दर वेळी एकाच बाजूला पडतो. वर्षाला पाचशे टन माल फिरला तर सहाशे किलोंचे पोलाद एका पुस्तकात असते आणि दुसऱ्यात नसते. वर्षअखेरीला ते ‘घट’ म्हणून लिहून टाकत, आणि मनातल्या मनात कटिंगच्या माणसांवर संशय घेत. हे कळल्यावर मी सूत्र सुधारायला सांगितले नाही. रूपांतर फक्त ईआरपीत होईल, बाकीच्या प्रणालींनी तिथून तयार आकडा घ्यावा, स्वतःचा हिशोब करू नये, इतकेच आराखड्यात लिहिले. कोणते सूत्र जास्त शास्त्रीय यावर तो अभियंता माझ्याशी दोन दिवस वाद घालत होता. त्याचे म्हणणे चूक नव्हते, पण एका कारखान्यात दोन बरोबर सूत्रे नांदू शकत नाहीत, हे त्याला कागदावर दाखवावे लागले.

दुसरा धडा रस्त्यावर मिळाला. पुण्याच्या या पट्ट्यातला कोणताही सुटा भाग एका छताखाली पुरा होत नाही. बार आमच्याकडे कापला जातो, शेजारच्या गल्लीत हीट ट्रीटमेंटला जातो, तिथून तळवड्याला ग्राइंडिंगला, मग प्लेटिंगला, आणि शेवटी परत. जुनी माणसे अजूनही जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाच्या, चलनाला ‘सत्तावन्न एफ फोर’ म्हणतात, म्हणजे अबकारी नियमांतल्या ज्या कलमाने ते चलन चाले त्या कलमाच्या नावाने. ते कलम जाऊन जमाना झाला. आता वस्तू आणि सेवा कर कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, तसे झाले नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते. एका जॉबवर्करकडून थेट दुसऱ्याकडे माल पाठवायला कायद्याची हरकत नाही. आमच्या ईआरपीची होती. तिच्या मांडणीत प्रत्येक टप्प्यानंतर माल स्टोअर्समध्ये परत येणे आवश्यक होते. टेंपो मात्र हीट ट्रीटमेंटच्या शेडवरून परस्पर तळवड्याला जात होता, कारण मध्ये आमच्या गेटवर तास घालवायला टेंपोवाला तयार नव्हता आणि ते योग्यच होते. मग रात्रपाळीचा एक मुलगा रोज बसून जो माल आलाच नाही तो ‘आला’ आणि लगेच ‘गेला’ अशा दोन नोंदी करायचा. याला तिथे ‘कागदावरचा माल’ असे रीतसर नाव होते.

या मुलाची मला काळजी वाटली, कारण आमच्या योजनेनुसार ‘माल आला’ ही नोंद होताच क्यूसीला आपोआप निरोप जाणार होता. म्हणजे जोडणी सुरू झाल्याच्या पहिल्या रात्री क्यूसीच्या पडद्यावर तळवड्यात असलेल्या मालाच्या तपासणीची यादी उभी राहिली असती. हाताने चालणारी पद्धत असे खोटे पचवते. माणूस हसून कागद बाजूला ठेवतो. यंत्राला हसता येत नाही, ते पुढच्या पाच यंत्रांना तेच सांगते. आम्ही ईआरपीत ‘जॉबवर्करकडून जॉबवर्करकडे’ अशी वेगळी हालचाल तयार करून घेतली. त्यासाठी योजनेतले सहा आठवडे गेले आणि वरच्या बैठकीत मला विचारले गेले की इतक्या किरकोळ गोष्टीला सहा आठवडे का. तो प्रश्न विचारणाऱ्यांनी भोसरीत टेंपोमागे गाडी चालवलेली नव्हती.

पुरवठादारांच्या यादीवर फार लिहीत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी केले नाही त्यांना कंटाळा येईल. एकाच पुरवठादाराची तीन प्रणालींत तीन नावे असणे हा नियमच आहे. सगळीकडे जीएसटी क्रमांक हीच ओळख धरा, असे नवखा माणूस सुचवतो, आणि मीही सुचवले होते. त्या पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा पॅनची. पण एकाच पुरवठादाराच्या भोसरीच्या आणि चाकणच्या दोन शेडना तोच क्रमांक असू शकतो, आणि गल्लीतल्या छोट्या जॉबवर्करला मुळात क्रमांकच नसतो. शेवटी आम्ही स्वतःचे सांकेतिक क्रमांक दिले. नवा पुरवठादार फक्त पर्चेस विभागच उघडेल, इतर कोणीही नाही, हे लेखी घेतले आणि त्यावर सही घेतली. सही महत्त्वाची.

आता माझ्या चुकीविषयी.

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात विजेच्या नियोजनापायी औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गुरुवारी त्या भागातला रस्ता मोकळा का असतो हे त्याला लहानपणापासून माहीत असते. मीही पुण्यातच वाढले. तरीही देखभालीच्या वेळापत्रकात मी ‘साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी ८ ते दुपारी २’ असे लिहिले आणि ते मधला थर सांभाळणाऱ्या हिंजवडीतल्या गटाकडे पाठवले. त्यांची सुट्टी रविवारी. त्यांनी एका रविवारी सकाळी आठ वाजता मधला थर बंद केला, तेव्हा कारखाना तिन्ही पाळ्यांत चालू होता आणि गेटवर गाड्या लागल्या होत्या.

गेटची प्रणाली नीट लिहिलेली होती, तिने सगळे निरोप साठवून ठेवले. दुपारी दोनला दार उघडल्यावर ते चाळीसेक निरोप एकदम ईआरपीवर जाऊन आदळले. ईआरपीला एकेक नोंद करायला चाळीस सेकंद लागू लागले. मधल्या थराला आम्ही तीस सेकंद थांबायला शिकवले होते. तीस सेकंदांत पोच आली नाही, म्हणून त्याने धरले की निरोप हरवला, आणि तो पुन्हा पाठवला. पहिली नोंद दहा सेकंदांनी झालीच होती. दुसरीही झाली. काही गठ्ठ्यांची तिसरी.

निरोप पाठवणाऱ्याला तो पोहोचला की नाही याची पोच न येता खात्री होऊ शकत नाही, आणि पोच पाठवणाऱ्याला ती पोच पोहोचली की नाही याची. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचे कोडे म्हणतात आणि ते सुटत नाही हे सिद्ध झालेले आहे. म्हणून दुहेरी निरोप येणारच असे धरून घेणाऱ्याने तयारीत राहायचे असते. हे मला पुस्तकातून माहीत होते. आमच्या घरच्या लग्नात आहेराच्या वहीवर दोन चुलतभाऊ बसले होते आणि दोघांनी एकाच मामांचा आहेर लिहून घेतला होता, तेव्हाही हेच घडले होते. रात्री हिशोबाला पाकीट एक आणि नावे दोन. पुस्तक आणि लग्न दोन्ही पाहिलेले असूनही, हाच गेट क्रमांक, हेच चलन, हाच पुरवठादार पूर्वी आला आहे का, हे तपासणारी एक ओळ मी ईआरपीच्या बाजूला लिहून घेतली नव्हती. करायच्या कामांच्या यादीत ती होती, ‘दुसऱ्या टप्प्यात’ या सदराखाली.

वाईट भाग पुढे आहे. जास्तीचा साठा नऊ दिवस कोणाच्याही लक्षात आला नाही, कारण जास्तीचा साठा कोणाला खुपत नाही. पुरवठादारांची बिले एकेकच आली, त्यामुळे जास्तीचे जीआरएन बिलाविना एका मधल्या खात्यात पडून राहिले, आणि ते खाते लेखा विभाग महिनाअखेरीलाच उघडून बघत असे. रोज रात्री चालणारे नियोजन भरपूर साठा पाहून खूश होते आणि नवी मागणी काढत नव्हते. दहाव्या दिवशी सकाळच्या पाळीचा कटिंग ऑपरेटर चाळीसचा बार घ्यायला स्टोअर्समध्ये आला. पडद्यावर अकरा टन होते. रॅक रिकामी होती. काकांनी मला फोन केला आणि एवढेच म्हणाले, “मॅडम, या. तुमच्या सिस्टिममधला माल उचलायचा आहे.” लाइन दीड पाळी बंद राहिली.

निस्तरायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत आराखड्याविषयी मी जितके शिकले तितके आधीच्या चार वर्षांत शिकले नसेन. कीर्दीत खाडाखोड करत नाहीत. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्यासमोर उलट नोंद करतात. १९८७ साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलेम यांनी लांबलचक संगणकीय व्यवहारांसाठी हेच तत्त्व मांडले होते, म्हणजे व्यवहाराचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा परिणाम पुसणारा जोडीदार तुकडा आधीच तयार ठेवायचा. आमच्या दुहेरी जीआरएनना उलट नोंदी करता करता लक्षात आले की त्यातल्या काही मालाची पुस्तकात पुढे कटिंगला रवानगीही झाली होती, म्हणजे आधी ती उलटवायची, मग तपासणी उलटवायची, मग जीआरएन, आणि हा क्रम चुकला तर साठा उणे दिसू लागतो. त्यानंतर माझ्या प्रत्येक आराखड्यात टप्प्याशेजारी एक स्तंभ असतो: ‘हे उलटे कसे फिरवायचे, कोण फिरवेल, किती वेळात’. तो स्तंभ भरताना सगळ्यांचे चेहरे त्रासतात. काही टप्प्यांसमोर उत्तर असते, ‘फिरवता येत नाही’. कापलेला बार सांधला जात नाही, पाठवलेला पैसा परत मागावा लागतो. असे टप्पे साखळीत जितके शेवटी ढकलता येतील तितके ढकलायचे, आणि त्यांच्या आधी एका माणसाची नजर ठेवायची, एवढा माझा नियम आहे.

सरकारी पोर्टल जोडणीत आल्यापासून या स्तंभाची किंमत वाढली. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून आधी पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू झाले, मग मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली, आणि भोसरीतल्या मध्यम कारखान्यांपर्यंत सगळे त्यात आले. इन्व्हॉइस पोर्टलकडे जाते, तिथून आयआरएन, म्हणजे बिलाचा चौसष्ट अक्षरी ओळख क्रमांक, आणि क्यूआर कोड येतो, मग मालवाहतुकीचे ई-वे बिल, मग गेट पास, मग गाडी सुटते. यातला आयआरएन पोर्टलवर रद्द करायला २४ तास मिळतात, तेही संपूर्णच रद्द होतो, एखादी ओळ दुरुस्त करता येत नाही. वेळ उलटली की क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वळती करणारा वेगळा कागद, काढावी लागते. म्हणजे तुमच्या साखळीतली एक कडी अशी आहे जिचे दार तुमच्या हातात नाही आणि ते ठरल्या वेळी बंद होते. ग्राहकाने रविवारी माल उतरवून घेतला, सोमवारी सकाळी संख्या चुकली असे कळवले आणि आमच्या माणसाने दुपारच्या जेवणानंतर बघू म्हटले, तर दार बंद झालेले असते. योजनेत म्हणूनच तक्रारीच्या निरोपाला डिस्पॅचच्या निरोपाइतकेच वरचे स्थान द्यावे लागते, आणि हे सुचायला कोणालाही एकदा ठेच लागावी लागते.

एका रात्री अकराच्या सुमाराला पोर्टलचे उत्तर येत नव्हते आणि गाडी भरून गेटच्या आत उभी होती. चाकणच्या ग्राहकाची सकाळची पाळी त्या मालावर सुरू व्हायची होती. चालक टपरीवरून दोन चहा घेऊन आला, एक मला दिला, आणि माझ्या पडद्याकडे बघत म्हणाला, “ताई, हे मशीन त्या मशीनशी बोलत नाही का आज?” मी म्हटले, बोलते आहे, तिकडून उत्तर येत नाही. तो म्हणाला, “मग आमच्या घरच्यासारखंच आहे.” पावणेबाराला उत्तर आले. त्या रात्रीनंतर आम्ही इन्व्हॉइस गाडी भरल्यावर करायचे सोडून भरण सुरू होताना करायला लागलो. त्यात गाडीत चढलेली आणि बिलावरची संख्या जुळली नाही तर बिल रद्द करण्याचा धोका होता, पण तो २४ तासांच्या आत निस्तरता येणारा धोका होता. कोणता उशीर परवडतो आणि कोणती चूक परवडते यातली निवड गेटवर उभे राहूनच करता येते.

जोडणी सुरू करण्याच्या तारखेबद्दल माझे मत बहुतेकांना आवडत नाही. लेखा विभागाला १ एप्रिल हवी असते, नवे वर्ष, कोरे पान. पण त्याच दिवसांत साठामोजणी असते, लेखापरीक्षक बसलेले असतात, मार्चचे विक्रीचे लक्ष्य गाठायला महिनाभर झोप न मिळालेली माणसे असतात. माझी पसंती महिन्याच्या मधल्या एखाद्या शांत आठवड्याला असते. वर्षाच्या मध्यावर पुस्तके बदलता येत नाहीत असे कोणी म्हटले की मी २०१७ ची आठवण देते. १ जुलैला वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा आर्थिक वर्ष तीन महिने चाललेले होते, ३० जूनच्या रात्री सगळ्या जॉबवर्करांकडे किती माल पडून आहे त्याच्या याद्या आम्ही फोनवर एकेकाला उठवून केल्या होत्या, आणि तो माल सहा महिन्यांत परत आणायची मुदत होती. त्या याद्यांमुळे पहिल्यांदाच कळले की आमचे चाळीसचे बार एका अशा शेडमध्ये दीड वर्ष उभे होते, जी शेड आमच्या कोणत्याच प्रणालीत नव्हती.

आता त्या कारखान्यात रोज सकाळी साडेआठला एक कागद निघतो. त्याला आम्ही ‘ताळा’ म्हणतो. ‘रिकन्सिलिएशन रिपोर्ट’ हे नाव कोणी वापरले नाही आणि मीही आग्रह धरला नाही. काल गेटवर किती चलने आली, किती जीआरएन झाले, किती तपासली गेली, आणि कोणते चलन कुठे अडकले, एवढेच त्यावर असते. जे जुळते ते छापले जात नाही. सुरुवातीला तो कागद दोन पानी होता, आता बहुतेक दिवशी चार-पाच ओळींचा असतो. कोणाच्या ओळी कोणी सोडवायच्या हे ठरलेले आहे, आणि सही केल्याशिवाय काका तो फायलीला लावत नाहीत. पडद्यावरही तो दिसतो, पण सही पडद्यावर करायला काका तयार नाहीत. हा हट्ट मी तसाच राहू दिला आहे.

याच कंपनीची चाकणला नवी शेड उभी राहते आहे आणि तिची जोडणी पुढच्या तिमाहीत आहे. मी तिथल्या लोकांना प्रश्नावली पाठवली. साप्ताहिक सुट्टीचा वार आता तिच्यात तिसराच प्रश्न आहे. पहिला प्रश्न तोच ठेवला आहे, माल आला हे तुमच्याकडे कधी ठरते. मागच्या आठवड्यात ती भरून परत आली. पहिल्या प्रश्नासमोर निळ्या शाईत लिहिले होते, ‘गेटवर’. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘नाही, काट्यावर’. आणि समासात पेन्सिलीने कोणीतरी प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. ते कोणाचे आहे हे विचारायला मी मंगळवारी जाते आहे.